पिसांचा मासा

सौंदड,
९ ऑक्टोबर १९३४

चिरंजीव केवलराम यास देवकाबाईचे अनेक आशीर्वाद.

तुझी वाट पाहून शेवटी मीच लिहायला बसले. सालेकस्याच्या जंगलात कारकून झालास म्हणून बहिणीला विसरायचं असं सरकारने सांगितलं आहे काय?

यांचं तसंच आहे. जेवतात, आंघोळ करतात, बैलांना पाणी दाखवतात, पण बोलत नाहीत. गेल्या साली भादव्यात तलावाची पाळ फुटली तेव्हा तोंड मिटलं ते मिटलंच. तू त्या पावसात इथे होतास, तुला काय सांगू. आजेसासऱ्यांपासून या घराकडे तलावाच्या पाण्याची राखण. लोक म्हणत होते, केशोराव, सांडवा फोडा, पाणी जाऊ द्या. हे म्हणाले, थांबा, अजून जागा आहे, पाणी धानाला लागेल. सकाळी पाळच गेली. माणूस एक दगावला नाही, पण खालच्या बांध्यांतलं उभं धान वाहून गेलं. उन्हाळ्यात साऱ्या गावाने पाळ पुन्हा बांधली आणि यांना कोणी एका शब्दाने दोष दिला नाही. मला वाटतं, कोणी चार शिव्या दिल्या असत्या तर यांनी आठ परत दिल्या असत्या आणि छाती मोकळी झाली असती. नव्या पाळीवर हे अजून चढलेले नाहीत. घर पाळीच्या पायथ्याशी, आणि माणूस तलावाकडे पाठ करून बसतो.

गोंदियाच्या डॉक्टराने घसा पाहिला, जीभ पाहिली आणि ‘सब ठीक है’ म्हणाला. मग काल सर्वपित्रीला चिचगडकडचा कवडू बैगा बोलावला. त्याने सुपात तांदूळ टाकून पाहिले. म्हणाला, “कोनं तरी केलं हाये. दूरचा नोहे, जवळचाच हाये.” त्याने उतारा काढला आणि मला बजावलं, “आता ज्यानं केलं त्याले चैन पडनार नाही. तो आपल्या तोंडानं तुज्या घरची वस्तू मागंल. देल्ली त माज्या हातचं गेलं.” म्हणून आता होळी पेटेपर्यंत या घरातून मागणाऱ्याला काही द्यायचं नाही. आज सकाळीच शेजारची अनुसयाबाई विस्तव मागायला आली आणि मी तिला तशीच परत पाठवली. ती आता माझ्याशी बोलत नाही. घरात एक न बोलणारा होता, शेजारात दुसरी झाली.

तू हसशील. हस. मला माझा माणूस बोलता हवा आहे, मग तो डॉक्टराने होवो की बैगाने.

देवका

●

सालेकसा,
९ ऑक्टोबर १९३४

तीर्थस्वरूप बाईस केवलरामचा साष्टांग नमस्कार.

पत्र लिहिलं नाही म्हणून तू रागावली असशील हे मी इथे बसून ऐकतो आहे. कामच तसं निघालं. आमच्याकडे विल्कॉट नावाचा साहेब जंगल पाहायला आला आहे आणि बोडीच्या पाण्याकाठी तंबू ठोकून राहिला आहे. त्याच्याकडून मी एक विलायती विद्या शिकतो आहे. कचेरी सुटली की तंबूसमोर बसून आम्ही दोघं बांधत असतो. काय बांधतो ते आत्ता सांगत नाही.

तर माझं एक काम कर. तुझ्या पांढऱ्या कोंबड्याच्या मानेची लांब पिसं पाठव. जिवंत कोंबड्याची हवीत, मेल्याची चमक जाते. त्या काळ्या बोकडाचे मूठभर केस. तुझ्या लग्नाच्या लुगड्याचा काठ उसवला आहे, त्यातली थोडी जर. लाल रेशमाचा तुकडा. आणि परसातल्या वेलीच्या गुंजा, जोडीने सारख्या निवडून.

कशाला हवं ते विचारू नको. भाऊजींना तर मुळीच कळू देऊ नको. हे सगळं त्यांच्यासाठीच आहे एवढं समज. काम झालं की आपोआप दिसेल.

तुझा,
केवलराम

●

सौंदड,
१७ ऑक्टोबर १९३४

केवलराम यास,

पत्र मिळालं. कोंबडा मेला. बोकड विकला. लुगडं ट्रंकेत आहे आणि ट्रंकेची किल्ली हरवली. गुंजेची वेल वाळली. लाल रेशीम घरात नव्हतंच.

तुला ताप येतो का? अन्न गोड लागतं का? पोटात कळ येते का? खरं लिही, लपवू नको. त्या साहेबाकडे जाणं बंद कर. तो कोणत्या मुलखाचा, त्याचे आईबाप कोण, काही ठाऊक आहे का?

यांना तू आवडत होतास. पाळीवर बसायचं तर तुला घेऊन बसायचे. त्या पावसातही शेवटी यांच्याजवळ तूच होतास.

देवकाबाई

●

सालेकसा,
२४ ऑक्टोबर १९३४

ती. बाईस सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून माझं डोकं फिरलं. एका आठवड्यात कोंबडा मेला, बोकड विकला, वेल वाळली आणि किल्ली हरवली. बाई, तुझ्या घरावर खरंच काहीतरी आलेलं दिसतं. आणि खालची सही पाहून वाटलं, हे पत्र तहसील कचेरीतून आलं आहे.

कवडू बैगाचं तुझं आधीचं पत्र मला माझं पत्र टाकल्यावर मिळालं. मी हसलो नाही, थोडंच हसलो. मग काय झालं? कोणी आलं का मागायला? अनुसयाबाईला धरू नको, ती बिचारी रोजच विस्तव मागते.

मला ताप नाही. जेवतो. फक्त उजव्या हाताच्या बोटात परवा आकडा घुसला, ते सुजून टम्म झालं आहे आणि रात्रभर ठणकतं. साहेबाने काहीतरी औषध लावलं. बांधताना लक्ष दुसरीकडे गेलं की असं होतं.

पिसांसाठी तुझ्यावर अडून बसलो नाही. कोंबडा इथल्या बाजारात मिळाला, केस एका धनगराने दिले, गुंजा तर जंगलभर आहेत. वस्तू तयार झाली. सोबतच्या पुडक्यात ती आहे. उघडून पाहू नको. भाऊजींच्या हातात दे आणि तू बाजूला हो. कोरडी असते तेव्हा काही वाटत नाही. पाण्यात सोडली की जिवंत होते.

बीजेला येतोच आहे, तेव्हा सगळं सांगेन.

केवलराम

●

सौंदड,
३ नोव्हेंबर १९३४

केवलराम,

तू विचारलंस, कोणी आलं का मागायला. आलं. तू आलास.

मी त्याच दिवशी ओळखलं होतं पण मनाला म्हटलं, नाही, माझा भाऊ आहे, याला मी कडेवर घेतलं आहे. म्हणून खोटं लिहिलं की कोंबडा मेला. तो मी लिहीत असताना परसात आरवत होता. वाटलं, दिलं नाही तर तू थांबशील. तू थांबला नाहीस, तू दुसऱ्याचा कोंबडा उपटलास.

पुडकं मी उघडलं. बोटाएवढा काळा लोखंडी आकडा, त्यावर पांढरी पिसं आणि काळे केस, पोटाला जर गुंडाळलेली, मानेशी लाल धागा आवळलेला, आणि लाखेने चिकटवलेले दोन गुंजांचे डोळे. मेल्या, ते माझ्याकडे पाहत होतं. हे तू यांच्या हातात द्यायला सांगतोस आणि मला म्हणतोस बाजूला हो. आणि तुझं बोट सुजलं. कवडू म्हणाला होता, करणाऱ्याच्या अंगावर उलटेल.

मला एवढंच सांग, काऊन केलंस? तलावाची राखण तुला पाहिजे होती काय? पाहिजे होती तर मागायची होती. यांनी तुला पाळीवरचं एक एक झाड दाखवलं, पाणी कुठे मुरतं ते शिकवलं, आपल्याला मुलगा नाही म्हणून. आणि साहेबाला बोडीच्या काठी बसवून तू असलं शिकलास.

या बीजेला येऊ नको. ओवाळायचं ताट घासून ठेवलं होतं ते परत फळीवर ठेवलं. ती वस्तू गोठ्याच्या छपरात खोचली आहे. यांना दाखवली नाही. कवडू आला की तो सांगेल तसं करीन.

मला काही समजत नाही रे. रात्री वाटतं तू केलंस, सकाळी वाटतं तू करूच शकत नाहीस. बोट कसं आहे ते लिही. कडुनिंबाचा पाला बांध.

देवका

●

सालेकसा,
१२ नोव्हेंबर १९३४

बाई,

तो मासा आहे.

करणी नाही, बाहुली नाही, मासा आहे. पिसांचा आणि केसांचा खोटा मासा. विल्कॉट साहेब त्याने मरळ धरतो. आकड्याला गांडूळ नाही, बेडूक नाही, काही नाही. लांब दोरीला हा बांधून पाण्यात फेकायचा आणि झटके देत आपल्याकडे ओढायचा. पिसं हलतात, जर चमकते आणि मोठ्या मरळीला वाटतं, एखादी लहान मासोळी जखमी होऊन पळते आहे. भूक नसली तरी ती रागाने झडप घालते. साहेबाची विलायती पिसं पेटीतच कसरीने खाल्ली, म्हणून तो इथली गोळा करत होता आणि मला नाद लागला.

सोपं नाही ते. आकडा छोट्या शिकंज्यात धरायचा. आधी जर गुंडाळायची, ते पोट. मग काळे केस, ती पाठ. दोन बाजूंना कोंबड्याची लांब पिसं, आणि ती अगदी जोडीची लागतात, नाहीतर ओढताना मासा गरगर फिरतो. माझे पहिले सगळे फिरले. साहेब शिव्या द्यायचा, पण इंग्रजीत, म्हणून मनाला लागल्या नाहीत. गुंजांच्या डोळ्यांची युक्ती माझी. साहेबाला ती इतकी आवडली की त्याने स्वतःच्याही माशांना बसवले.

आता हे भाऊजींसाठी का, ते ऐक. पाळीवर बसलो की ते मला मरळीची पिल्लं दाखवायचे. लाल लाल पिल्लांचा थवा, पाण्याला उकळी आल्यासारखा, आणि खाली राखण करणारी काळी सावली. तू म्हणायचीस, दोघं रिकामटेकडे पाण्याकडे काय पाहता. मला वाटलं, हा मासा त्यांच्या हातात पडला तर तो पोहतो कसा हे पाहायला तरी ते पाळीवर चढतील. आधी सांगितलं असतं तर तू त्यांना दहादा सांगितलं असतंस आणि त्यांनी पाठ फिरवली असती. म्हणून लपवलं. माझ्या लपवण्याचा तू असा अर्थ काढलास.

बीजेच्या दिवशी, तू नको म्हणालीस तरी, मी निघालो होतो. गोंदियाला उतरलो. सौंदडची छोटी गाडी समोर उभी होती. बसलो नाही. ती निघून गेली आणि मी फलाटावर बसून राहिलो, मग सालेकस्याला परत आलो. त्या पावसात मी भाऊजींजवळ होतो म्हणतेस. होतो. ते थांबा म्हणाले तेव्हा मीही थांबा म्हणालो होतो, म्हणजे चूक माझीही. राखण हवी असलेला माणूस असं म्हणतो का, हे तूच ठरव. तुझं पत्र इतक्यांदा वाचलं आहे की आता मलाच कळेनासं झालं आहे. काल टेबलावरच्या एका माशाचे डोळे मी कागदाने झाकले.

आता तुझ्या घरचं मी काही मागणार नाही. विस्तवसुद्धा नाही.

केवलराम

●

सौंदड,
३० नोव्हेंबर १९३४

चि. केवलराम यास आशीर्वाद.

हे पत्र बसून वाच.

तुझं पत्र मिळालं तेव्हा कवडू ओसरीवर बसला होता. मी त्याला वाचून दाखवलं. म्हटलं, माझा भाऊ म्हणतो तो मासा आहे. कवडू विचार करून म्हणाला, “मासा म्हन्ते का? मंग पान्यातच सोड त्याले. मासा असंल त पवल, करनी असंल त बुडल.” मला ते पटलं. तुझंही ऐकलं जात होतं आणि त्याचंही. त्याने सांगितलं, दोरी बांध, दोरीचं टोक मनगटाला गुंडाळ, पाळीवरून खोल पाण्यात टाक आणि आपल्याकडे तीनदा ओढ. तोंडातून शब्द काढायचा नाही. एवढं सांगून तो आपल्या गावी गेला.

मंगळवारी दुपारी मी निघाले. गाव सगळं धान कापायला गेलेलं, पाळीवर चिटपाखरू नाही. हे अंगणात होते, तलावाकडे पाठ करून, नेहमीसारखे. यांनीच वळलेली अंबाडीची दोरी घेतली. तुझा तो मासा घेतला. त्याच्याकडे न पाहता बांधला, म्हणून गाठ तीनदा सुटली.

पहिल्यांदा टाकला तो जवळच पडला. ओढला. भिजल्यावर ते अगदी वेगळंच दिसायला लागलं. पिसं अंगाला चिकटली, केस लवले आणि ते हललं. मी ओढत होते हे मला ठाऊक होतं, तरी वाटलं, हे आपलं आपण येतं आहे. मी घाबरले पण तोंड दाबून ठेवलं. दुसऱ्यांदा जुनी पाळ फुटली तिथे डोह पडला आहे तिकडे टाकला आणि ओढायला लागले तेवढ्यात खालून कोणीतरी ते धरलं.

धरलं आणि ओढलं. केवलराम, माझा हात खांद्यापासून निघतो की काय असं झालं. दोरी मनगटाला तीन वेढे. मी उतारावर बसले, घसरले, पाय पाण्यात गेले. मनात आलं, करणीच आहे, जे काय पाण्यात होतं ते आपली वस्तू न्यायला आलं आणि मलाही नेतं आहे. बोलायचं नाही हे विसरून मी ओरडले. कोणाच्या नावाने ओरडले ते आठवत नाही. अनुसयाबाई खळ्यावर होती, ती म्हणते तुझ्या नावाने.

मागून आवाज आला, “काऊन बोंबलून राहिलीस? ढील दे.”

मी दोरी, पाणी सगळं विसरून मागे पाहिलं. हे पाळीवर उभे होते. पायात वहाण नाही, धोतराचा सोगा सुटलेला. मला म्हणाले, “मागं का पाहतेस? ढील दे म्हन्लं ना.” मग माझ्या कमरेला हात घालून मला वर ओढलं, मनगटाचे वेढे सोडवले आणि दोरी आपल्या हातात घेतली. मला ढील द्यायला सांगितलं आणि स्वतः कधी देत होते, कधी खेचत होते, आणि सगळा वेळ बोलत होते. माझ्याशी नाही, पाण्याशी. “ये. ये माय. कुठं जातेस? जा मंग. ये आता.” चौदा महिने तोंड न उघडलेला माणूस. मी चिखलात बसून रडत होते आणि यांना त्याचं काही नव्हतं.

मरळ निघाली. उभी धरली तर माझ्या कमरेला लागली असती. काळी, बाजूला पांढरे ठिपके, आणि जबड्यात तुझा मासा, एक गुंज पडलेली. हे तिच्याजवळ उकिडवे बसले आणि म्हणाले, “हे इथंच होती. गेली नाही.” पाळ फुटली तेव्हा तलाव रिकामा झाला, सारं वाहून गेलं असंच आम्ही समजत होतो. हे परत परत तेच म्हणत होते, “हे इथंच होती.” मग डोळे पुसले, उजव्या हाताने पुसले आणि गालाला माशाचा चिकटा लागला.

थोड्या वेळाने उठले आणि पाळीवर पाय आपटून पाहिला. पहिल्यांदाच. मला विचारलं, “धुमस कोनं केला?” मी म्हटलं, “गावानं केला. तुमीच त आले नाही.” अजून दोन जागी आपटून पाहिलं. म्हणाले, “बराबर केला.” पाणी सोडायचं तुडुम आहे तिथे गेले, खाली वाकले आणि म्हणाले, “फळी पाझरून राहिली. कोनाले दिसत नाही का?” त्या दुपारपासून हा माणूस फळीच्या मागे आहे. साऱ्या गावाला शिव्या देतो आहे. गाव ऐकून घेतं आहे आणि हसतं आहे.

मरळीचा रस्सा केला. यांनी एक वाटा उचलला आणि माझ्या देखत अनुसयाबाईच्या घरी नेऊन दिला. मी तोंड उघडलं होतं, होळी होळी म्हणणार होते, पण घरात एक बोलता झाल्यावर दुसऱ्याने गप्प बसलेलं बरं.

कवडूला निरोप गेला. तो म्हणतो, पाहा, करणी पाण्यात गेली आणि माणूस सुटला. तू म्हणशील, मासा होता, माशाने माशाला धरलं. मी दोघांनाही हो म्हणते. मला खरंच कळत नाही. ती वस्तू पोहली हे मी पाहिलं, आणि तिने मला ओढून नेलं हेही पाहिलं. पण तुझ्यावर संशय घेतला त्याचं वाईट वाटतं, आणि ते कोणत्याच बैगाला उतरवता येणार नाही.

ये.

देवका

●

सालेकसा,
६ डिसेंबर १९३४

ती. बाईस सा. नमस्कार.

पत्र कचेरीत उघडलं, ते चुकलं. ‘काऊन बोंबलून राहिलीस’ इथपर्यंत आलो आणि उठून बाहेर गेलो. शेजारचा छोटेलाल मागे आला आणि म्हणाला, “क्या हुआ, घर में कोई गुजर गया?” मी म्हटलं, नहीं, कोई बोल पड़ा. त्याला काही समजलं नाही आणि मलाही नीट सांगता येईना.

भाऊजी बोलले, यापुढे बाकीचं सगळं लहान आहे. पण लहान आहे म्हणून नाहीच असंही नाही. मी जे त्यांच्या हातात द्यायला सांगितलं होतं ते तू बुडवायला नेलंस, आणि बुडवायला नेलंस म्हणून ते त्यांच्या हातात गेलं. माझा बेत बरोबर होता की तुझा संशय? मी यावर खूप विचार केला आणि सोडून दिला. साहेबाला विचारणार होतो, पण त्याचा तंबू परवाच उठला. जाताना शिकंजा मला देऊन गेला.

येण्याचं म्हणशील तर, येईन कधीतरी. तुझ्या दारात उभा राहिलो की पहिल्यांदा तुझी नजर माझ्या हातांकडे जाईल, हा काही घ्यायला आला का म्हणून. तुझा त्यात दोष नाही. पण मला ते दिसेल. होळी होऊन जाऊ दे.

भाऊजींना सांग, आकडा बोथट झाला असेल तर दगडावर घासून घ्यावा.

केवलराम

●

सौंदड,
१४ डिसेंबर १९३४

चि. केवलराम यास देवकाबाईचे अनेक आशीर्वाद.

तू काही मागितलेलं नाहीस. मीच पाठवते आहे.

मेलेला कोंबडा काल सकाळी धरला. यांनी धरला, मी उपटला. यांनी मानेचं एक एक पीस उन्हात धरून पाहिलं आणि जोड्या लावून दिल्या, त्या दोऱ्याने बांधल्या आहेत, सोडू नको. कोंबडा जिवंत आहे आणि मला पाहिलं की माळ्यावर चढतो. विकलेला बोकडही घरीच आहे, त्याचे केस वेगळ्या चिंधीत आहेत. ट्रंकेची किल्ली माझ्या कमरेला होती, ते तुला माहीतच होतं. काठाची सगळी जर उसवली. लुगडं आता कोण नेसतं आहे? वाळलेल्या वेलीच्या गुंजा पुडीत आहेत, मोजल्या नाहीत. लाल रेशीम मात्र तेव्हाही घरात नव्हतं, ते अनुसयाबाईकडे मागितलं. तिने दिलं. मला म्हणाली, “मागाले आलीस का? मंग तूच केलं असंल.” दोघी हसलो.

हे म्हणतात, तुझ्या माशाला पोट कमी आहे, जर आणखी घे. आणि म्हणतात, डोहात तिची जोडीची आहे, ती यांनी दोनदा पाहिली, पण तू येईपर्यंत दोरी टाकायची नाही. स्वतः लिहा म्हटलं तर म्हणाले, “बोलून राहिलो ना, आता लिवू कायले?”

तुझ्या बोटाचं तू अजून काहीच लिहिलेलं नाहीस. बीज गेली तरी ताट फळीवरून खाली काढलं आहे.

कवडूला मी विचारलेलं नाही. होळी पेटायला अजून पुष्कळ वेळ आहे, आणि हे सगळं या घरातून माझ्या हाताने तुला देते आहे.

तुझी,
बाई